सर्वोच्च न्यायालय आणि उल्हासनगरची छपरे

न्यायसंस्थेविषयी आपल्या चळवळीत दोन टोकांच्या भूमिका आढळतात. निकाल आपल्या बाजूने लागला की आपण पेढे वाटतो आणि न्यायदेवता अजून जागी असल्याचा निर्वाळा देतो. निकाल विरुद्ध गेला की तेच न्यायालय धनिकांचे हस्तक ठरते. या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट समान आहे. न्यायालय म्हणजे कोठे तरी दूर, आपल्या हाताबाहेर घडणारी घटना, असे दोन्हींत गृहीत धरलेले असते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांचा गेल्या वीस वर्षांचा अनुभव पाहिला, तर हे गृहीत किती महाग पडते ते ध्यानात येते. घर, रोजी आणि जीव या तिन्ही बाबतींत येथील सामान्य माणसाचा वरिष्ठ न्यायालयांशी संबंध आलेला आहे. घर आणि रोजी यांचा फैसला होत असताना तर त्याची बाजू ऐकली जाणे दूरच राहिले. फैसला चालू आहे याचाही त्याला बहुधा पत्ता नव्हता. म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे काम नेमके काय, आणि आपण त्याच्याकडून काय मागायचे, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

नाव एक, कामे अनेक

सर्वांत वरचे न्यायालय प्रत्येक देशात असते. परंतु त्या नावामागची संस्था सर्वत्र एकच नसते. फ्रान्समधील कासासियों न्यायालय वस्तुस्थितीत शिरत नाही. खालच्या न्यायालयाने कायदा बरोबर लावला की नाही एवढेच ते पाहते, आणि चूक आढळल्यास निकाल मोडून प्रकरण बहुधा फेरनिवाड्यासाठी परत पाठवते. सरकारी कारभाराविरुद्धचे तंटे तेथे वेगळ्याच संस्थेपुढे जातात. जर्मनीने तर अशी पाच सर्वोच्च न्यायालये निर्माण केली असून त्यांपैकी एक केवळ कामगार तंट्यांसाठी आहे. या सर्वांखेरीज कार्ल्सरूह येथे १९५१ पासून घटना न्यायालय काम करते. आपल्या मूलभूत हक्काचा भंग झाला असे वाटणारा कोणीही नागरिक, नेहमीचे मार्ग संपल्यानंतर, शुल्क न भरता तेथे तक्रार करू शकतो. बेकारांना मिळणाऱ्या निर्वाह-भत्त्याचे दर ठरविण्याची पद्धत माणसाच्या प्रतिष्ठेशी विसंगत आहे, असा निर्णय या न्यायालयाने २०१० साली दिला होता.

ब्रिटनमध्ये संसद सार्वभौम मानली जाते. २००९ पर्यंत तेथील अंतिम न्यायदान लॉर्ड्स सभागृहातील न्यायाधीश करीत. त्यानंतर स्वतंत्र सर्वोच्च न्यायालय आले. संसदेचा कायदा रद्द करण्याचा अधिकार त्यालाही नाही. उलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८०३ सालीच तो अधिकार स्वतःकडे घेतला, आणि तेथील नऊ न्यायाधीश तहहयात पदावर राहतात.

यावरून एखाद्याला वाटेल की, ज्या न्यायालयाच्या हाती अधिक अधिकार ते गरिबांच्या अधिक उपयोगी. इतिहास मात्र तसे सांगत नाही. न्यूयॉर्क राज्याने बेकरीतील कामगारांचे काम दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांवर आणणारा कायदा केला होता. अमेरिकेच्या त्या सर्वशक्तिमान न्यायालयाने १९०५ मध्ये तो रद्द केला, आणि कारण दिले कराराच्या स्वातंत्र्याचे! भट्टीपुढे उभा राहणारा मजूर आणि भट्टीचा मालक हे बरोबरीच्या नात्याने करार करतात, अशी ती कल्पना होती. ती सोडायला त्या न्यायालयाला १९३७ साल उजाडावे लागले, आणि तेही देशव्यापी मंदी, कामगारांचे लढे व निवडणुकीतील कौल यांच्या रेट्यानंतर.

याच्या शेजारी ब्रिटनमधील अलीकडचे उदाहरण ठेवावे. २०१३ साली तेथील सरकारने कामगार न्यायाधिकरणाकडे दाद मागणाऱ्या कामगारावर शुल्क बसविले. काही प्रकारच्या तक्रारींत ते बाराशे पौंडांपर्यंत जाई. तक्रारींची संख्या एकदम दोन-तृतीयांशाच्या आसपास घसरली. युनिसन ही कामगार संघटना हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेली, आणि २०१७ मध्ये त्या न्यायालयाने सरकारचा शुल्क-आदेश एकमताने बेकायदा ठरविला. दाद मागण्याची वाटच परवडेनाशी झाली तर संसदेने दिलेले हक्क कागदावरच राहतात, हे त्यामागचे सूत्र होते. कायदा रद्द करण्याचा अधिकार नसलेल्या न्यायालयाने हे केले, कारण दारात एक संघटना चार वर्षे चिकाटीने उभी होती.

आपला अनुभव

भारताचे सर्वोच्च न्यायालय या सर्वांहून व्यापक आहे. ते अपिलाचे अंतिम न्यायालय आहे आणि घटनेचे रक्षकही आहे. बत्तिसाव्या कलमाखाली नागरिक थेट त्याच्याकडे जाऊ शकतो, आणि या कलमाला डॉ. आंबेडकरांनी घटनेचा आत्मा म्हटले होते. १९७३ च्या केशवानंद भारती निर्णयानंतर तर संसदेने केलेली घटनादुरुस्तीही या न्यायालयाच्या कसोटीला उतरावी लागते. इतका अधिकार जगातील फारच थोड्या न्यायालयांच्या हाती आहे.

त्या अधिकाराचा वापर कसा झाला? पहिली दोन दशके जमीन सुधारणांचे कायदे आणि मालमत्तेचा मूलभूत हक्क यांच्यातील झगड्यात गेली. तो हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून टाकण्याचे काम जनता सरकारच्या काळात १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने केले. त्याआधी १९७६ मध्ये, आपल्या चळवळीतील अनेक जण येरवड्यात व नाशिकरोडला स्थानबद्ध असताना, याच न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की, आणीबाणीत स्थानबद्धाला जीविताच्या हक्कासाठीही न्यायालयाकडे जाता येणार नाही. देशातील नऊ उच्च न्यायालयांनी याच्या उलट मत दिले होते. सर्वोच्च न्यायालयात एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी भिन्नमत नोंदविले, आणि त्याची किंमत सरन्यायाधीशपद गमावून मोजली. त्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. पुढे १९८५ मध्ये सरन्यायाधीश या नात्याने त्यांनीच मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात, म्हणजे ओल्गा टेलिस प्रकरणात, जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असा ऐतिहासिक निवाडा लिहिला. न्यायाधीश तेच होते. बदलला होता तो काळ, आणि काळ लोकांनी बदलला होता.

परंतु ओल्गा टेलिस निवाड्याचा उत्तरार्ध आपण सहसा सांगत नाही. उपजीविकेचा हक्क मान्य करूनही न्यायालयाने झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकार कायम ठेवला. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, तेवढी मुदत दिली. १९७६ च्या गणनेतील ओळखपत्रे असलेल्यांना पर्यायी जागा द्यावी असे सांगितले. परंतु ती दिल्याशिवाय हटवू नये अशी अट घातली नाही. तात्पर्य, तत्त्व झोपडीवाल्याला मिळाले आणि जागा पालिकेला मिळाली.

नोव्हेंबर २०२४ मध्येही हा दुहेरीपणा दिसला. ५ तारखेला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ठरविले की, घटनेतील समाजाची भौतिक साधनसंपत्ती या शब्दांत प्रत्येक खासगी मालमत्ता येत नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये मांडलेला व्यापक अर्थ त्यामुळे मागे पडला. हा वाद निघाला होता तो मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त चाळींतून. सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास मोडकळीस आलेली इमारत संपादन करून त्यांच्या सहकारी संस्थेला देण्याची तरतूद महाराष्ट्राने १९८६ मध्ये केली, तिला मालकांनी आव्हान दिले आणि प्रश्न तीन दशके प्रलंबित राहिला. पुढे आठच दिवसांनी, १३ नोव्हेंबरला, न्यायमूर्ती गवई व विश्वनाथन यांनी बुलडोझरच्या न्यायाला लगाम घातला. पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी आणि सकारण आदेश यांशिवाय घर पाडता येणार नाही, असे त्यांनी बजावले. हा निवाडा स्वागतार्हच आहे. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय यांवरील अनधिकृत बांधकामे, आणि न्यायालयाच्याच आदेशाने पाडावयाची बांधकामे, यांना ते संरक्षण लागू नाही. वालधुनीच्या काठी आणि रेल्वेच्या रुळांलगत राहणाऱ्या आपल्या लोकांनी हा अपवाद नीट वाचावा; तो त्यांच्याच पत्त्यावर आलेला आहे.

आठशे पंचावन्न इमारती

आता उल्हासनगरकडे वळू. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवण्यात आले, आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्यांनी एकदा घरदार गमावले त्यांनी हे शहर उभे केले. कुटुंबे वाढली आणि बराकी अपुऱ्या पडल्या. पुढे बिल्डर, नगरसेवक व अधिकारी यांच्या संगनमताने परवानगीशिवाय मजल्यावर मजले चढले. घेणाऱ्याने आयुष्याची पुंजी देऊन खोली घेतली. कागद कच्चे आहेत हे काहींना ठाऊक होते, अनेकांना नव्हते.

जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ८५५ अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश दिला. कायद्याच्या दृष्टीने तो आदेश चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. शहरात हाहाकार उडाला. सर्व पक्षांचे पुढारी रस्त्यावर उतरले, आणि २००६ मध्ये विधिमंडळाने केवळ उल्हासनगरसाठी अनधिकृत बांधकामे नियमित करणारा कायदा संमत केला. न्यायालयाने पाडा म्हटले, विधिमंडळाने ठेवा म्हटले, आणि दोघांनीही आपापले काम झाले असे मानले. मधल्या काळात नियमित होण्यासाठी भरावयाचा दंड, लागणारी कागदपत्रे आणि पालिकेतील दिरंगाई यांत प्रश्न रुतून बसला. पंधरा वर्षांनंतरही बहुसंख्य इमारती नियमित झालेल्या नव्हत्या. अनधिकृत म्हणून दुरुस्तीला परवानगी नाही आणि अभय आहे म्हणून पाडण्याचीही निकड नाही, अशा अवस्थेत त्या इमारती पावसाळ्यामागून पावसाळे काढीत राहिल्या. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि त्याखाली माणसे मेली. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत जिलानी इमारत कोसळून अडतीस जण दगावले होते. उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई परिसरातील सर्वच पालिकांच्या बेपर्वाईचा समाचार घेतला.

येथे दक्षिण आफ्रिकेतील एक खटला मुद्दाम सांगितला पाहिजे, कारण तो जवळजवळ आपलाच आहे. जोहान्सबर्गच्या मध्यवस्तीत मोडकळीस आलेल्या इमारतींत चारशेहून अधिक गरीब माणसे राहत होती. इमारती धोकादायक म्हणून पालिकेने त्यांना बाहेर काढावयाचे ठरविले. बाहेर काढले तर रोजगारापासून दूर उघड्यावर, आत राहिले तर जिवाला धोका. प्रकरण तेथील घटना न्यायालयात गेले. न्यायालयाने २००७ मध्ये निर्णय राखून ठेवला आणि आदेश दिला की, पालिकेने व रहिवाशांनी प्रथम समोरासमोर बसावे, खरीखुरी चर्चा करावी आणि काय ठरले ते न्यायालयाला कळवावे. चर्चेतून तोडगा निघाला. असलेल्या इमारतींत तातडीची सुरक्षा व सोयी पुरवावयाच्या आणि नंतर रहिवाशांना परवडणाऱ्या पर्यायी जागेत न्यायचे. २००८ च्या निकालाने हे तत्त्वच घालून दिले की, माणूस बेघर होण्याची शक्यता असेल तेथे अशा चर्चेशिवाय पालिकेने पाऊल उचलू नये.

दक्षिण आफ्रिका स्वर्ग नव्हे. त्याच न्यायालयाने २००० मध्ये ग्रूटबूम खटल्यात निवाऱ्याच्या हक्काची महती सांगितली. परंतु अंमलबजावणीवर देखरेख ठेवली नाही, आणि जिच्या नावाने तो खटला ओळखला जातो ती बाई २००८ मध्ये झोपडीतच वारली. ओल्गा टेलिसचेच ते भावंड म्हणावे लागेल. फरक एवढाच की, त्या अपयशापासून ते न्यायालय काही शिकले. निकालाआधी ज्याचे घर जाणार त्याला ऐकायचे, आणि निकालानंतर प्रकरण हातावेगळे न करता अंमलबजावणी पाहायची, या दोन गोष्टी त्याने आपल्या कामाचा भाग मानल्या. आमच्या मते कोणत्याही देशातील सर्वोच्च न्यायालयाची खरी परीक्षा याच दोन गोष्टींत आहे. त्याच्या अधिकारांच्या यादीत नाही. २००५ मध्ये ८५५ इमारतींतील रहिवाशांशी बसून, कोणती इमारत दुरुस्त होईल, कोणती पाडावी लागेल आणि पाडली तर माणसे कोठे जातील, याचा तपशील न्यायालयाच्या देखरेखीखाली ठरला असता, तर २०२१ चे मृत्यू कदाचित टळले असते.

कंत्राटी कामगार आणि वालधुनी

अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत आज कायम कामगार शोधावा लागतो. याचे एक मूळ सर्वोच्च न्यायालयात आहे. कायद्याने एखाद्या कामात कंत्राटी पद्धत बंद झाली की त्या कामावरील कंत्राटी कामगार आपोआप मूळ मालकाचे कामगार होतात, असा निर्णय या न्यायालयाने एअर इंडियाच्या सफाई कामगारांच्या प्रकरणात १९९० च्या दशकात दिला होता. २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायाधीशांनी तो फिरविला. तेव्हापासून कंत्राटी पद्धतीविरुद्ध दाद मागणाऱ्या कामगारापुढे धोका असा की, पद्धत बंद होईल आणि तिच्याबरोबर त्याची नोकरीही जाईल. हा कायद्याच्या अर्थाचा प्रश्न आहे, आणि अर्थ न्यायालयाने लावला असला तरी शब्द संसदेचे आहेत. शब्द बदलण्याची लढाई न्यायालयात लढता येत नाही.

दुसरे उदाहरण वालधुनीचे. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी ही नदी कारखान्यांच्या सांडपाण्याने मेली, यात शंका नाही. उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाचे प्रकरण हरित लवादाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि त्या रेट्याने उल्हासनगरातील जीन्स धुण्याचे शेकडो कारखाने बंद झाले. नदीची बाजू मांडली गेली हे योग्यच झाले. परंतु त्या कारखान्यांत रसायनात हात बुडवून रोजी मिळविणाऱ्या, बहुतांशी परप्रांतीय आणि असंघटित कामगारांची बाजू कोणी मांडली? त्यांची थकबाकी, भरपाई, दुसरे काम यांचा विचार कोणत्या आदेशात झाला? काही मालक आसपासच्या गावांकडे सरकले आणि मैला पाण्यासह तोच धंदा तेथे सुरू झाला. नदी आणि कामगार यांना परस्परांविरुद्ध उभे करण्याचे पाप मालकाचे. पण न्यायालयात कामगाराची खुर्ची रिकामी राहिली, तो दोष आपलाही आहे.

बदलापूरचा धडा

शेवटी बदलापूर. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराने सारे शहर पेटून उठले. २० ऑगस्टला लोकांनी तासन् तास रेल्वे रोखून धरली. तो संताप खरा होता, आणि गुन्हा नोंदविण्यास लावलेल्या विलंबाबद्दल उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना जाब विचारला. मात्र रुळांवरून मागणी उठली ती ताबडतोब फाशीची. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळीने मेला, आणि अनेकांना न्याय झाला असे वाटले.

खटला चाललाच नाही. विलंब कोणी केला आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे त्या मुलींच्या आईबापांसमोर भर न्यायालयात उलगडण्याची एक वाट त्या गोळीने बंद केली. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने जानेवारी २०२५ मध्ये पाच पोलिसांवर ठपका ठेवला. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला, आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पथक नेमण्याचे काम राज्याच्या पोलीस महासंचालकांकडे सोपविले. चकमकींच्या तपासाचे नियम तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच घालून दिले होते. ज्याच्या बाजूने गावात एकही माणूस उभा राहणार नाही त्याच्याही जिवाचा हिशेब सरकारकडून मागणे, हे काम न्यायालयाखेरीज दुसरे कोणी करू शकत नाही. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालय नेमके याच ठिकाणी चुकले, आणि ती चूक त्याने स्वतः २०१७ मध्ये मान्य करून दुरुस्त केली. त्या वेळी तुरुंगात आपण होतो. आज तेथे आपल्याला न आवडणारा माणूस आहे, म्हणून तत्त्व बदलत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

न्यायालय पूजेची वस्तू नाही आणि शत्रूही नाही. ते एक रणक्षेत्र आहे, आणि तेथे गैरहजर राहणाऱ्याचा पराभव ठरलेला असतो. म्हणून तिन्ही शहरांतील आपल्या शाखांनी काही कामे तातडीने हाती घ्यावीत. धोकादायक व अनधिकृत इमारतींतील रहिवाशांच्या समित्या बांधाव्यात आणि प्रत्येक इमारतीची कागदपत्रे व संरचनात्मक तपासणीचा अहवाल समितीच्या ताब्यात असावा. घरे किंवा कारखाने यांविषयी कोणतीही याचिका दाखल झाली की रहिवासी व कामगार यांच्या वतीने त्यात हस्तक्षेप अर्ज करावा, आणि पाडण्यापूर्वी चर्चा, चर्चेचा अहवाल व पर्यायी जागा या तीन गोष्टी मागाव्यात. नोटिशीचे पंधरा दिवस कसे मोजावेत हे वस्तीतील बायामाणसांना शिकवावे. कंत्राटी कामगार आणि पुनर्वसनाचा कायदेशीर हक्क यांसाठी मात्र मोर्चा विधिमंडळावर व संसदेवरच न्यावा लागेल. ते ओझे वकिलाच्या खांद्यावर टाकून चालणार नाही.

येत्या पावसाळ्यातही उल्हासनगरच्या कॅम्पांतून अनेक कुटुंबे छताच्या भेगेकडे पाहत रात्र काढतील. त्यांच्या छपराचा निर्णय कधी तरी एखाद्या न्यायालयात होणारच आहे. तो होईल तेव्हा ती कुटुंबे त्या दालनात असतील की नाही, हे दिल्लीत किंवा मुंबईत ठरणार नाही. ते आपल्या शाखेच्या पुढच्या बैठकीत ठरेल.